अबोल राष्ट्राध्यक्षाचा तिसरा प्रवेश

माझे सासरे मुलखाचे बडबडे. आणि आयुष्यभर एकपात्री प्रयोग केला तो कुणाचा, तर अमेरिकेच्या सगळ्यात अबोल राष्ट्राध्यक्षाचा! कॅल्विन कूलिज. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही लग्नाआधी ऐकलं नव्हतं. मला बघायला आले तेव्हा हातात पोह्यांची बशी धरून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "कूलिज कोण, सांगता येईल?" मी म्हटलं, "फ्रीजची कंपनी का?" शेजारी बसलेला प्रमोद खो खो हसला, म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं. बाबांनी मात्र मला त्याबद्दल कधी पुरतं माफ केलं नाही.

पुण्यात ते कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि सुट्ट्यांत व्याख्यानमालांमधून 'मी, कूलिज' करत हिंडायचे. कराड, चिपळूण, लातूर, जिथे बोलावतील तिथे. काळा कोट, एक खुर्ची, एक कंदील. पहिल्या प्रवेशात व्हरमाँटचं खेडं, दुकानदार बाप, लहानपणी गेलेली आई. दुसऱ्यात वकिली, गव्हर्नरपद, बॉस्टनच्या पोलिसांचा संप, आणि मग तो प्रसंग: राष्ट्राध्यक्ष हार्डिंग अचानक गेले, हे साहेब उपाध्यक्ष, सुट्टीला गावी आलेले, आणि खुद्द बापानेच रात्री रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पोराला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ दिली. कंदील त्यासाठी. चौथ्यात, पुन्हा निवडणुकीला उभं राहणार नाही असं सांगून साहेब घरी जातात. तिसरा मी कधी पाहिलाच नाही. तिसऱ्या प्रवेशात कूलिजचा मुलगा जातो एवढं माहीत होतं, आणि माझ्या मांडीवर श्रिया असायची. तिला घेऊन मी बाहेर जाऊन बसायचे.

बाबांची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. प्रयोगात मध्येच कुणी व्यत्यय आणला, माइक बंद पडला, पोर रडलं, तर बाबा जिथे थांबले तिथून पुढे जात नसत. तो प्रवेश परत पहिल्या वाक्यापासून. "तुटलेल्या प्रवेशाला गाठ मारायची नसते," म्हणायचे. लातूरला वीज जाऊन येऊन त्यांनी एकच प्रवेश इतक्यांदा केला की व्याख्यानमालेचे अध्यक्षच उठून गेले.

सासूबाई गेल्या आणि आम्ही बाबांना इकडे परदेशी, मनुरेवाला, आमच्या घरी आणलं. वर्षभर बरं चाललं होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या, म्हणजे इथल्या किराणावाल्या, पंजाब्यालासुद्धा त्यांनी कूलिज ऐकवला होता. मग एका सकाळी बाथरूममध्ये पडले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. चहा म्हणता येईना, प्रमोद म्हणता येईना. नुसते घशातून आवाज.

आणि घरी आणल्यावर एके दुपारी मी त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना पाठीमागून खणखणीत आवाज आला, "रसिकहो, मी कमी बोलतो."

माझ्या हातातली चादर खाली पडली. वळून बघते तर बाबा उशीला टेकून ताठ बसलेले, तोंड सरळ, डोळे लखलखीत. कूलिज सुरू! ती जुनी गंमतही सांगितली त्यांनी. जेवणाच्या टेबलावर एक बाई म्हणे साहेबांना म्हणाली, तुमच्याकडून दोनापेक्षा जास्त शब्द वदवून घेईन अशी मी पैज लावलीय. साहेब म्हणाले, "तुम्ही हरलात." तेवढं बोलून बाबा थांबले. हशा येतो ना तिथे, म्हणून. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मी काही हसले नव्हते. पण ते हीटरजवळच्या कोपऱ्याकडे बघत राहिले, गालात हसले, आणि पुरे पुरे म्हणावं तसा डावा हात वर केला. मग पुढचं वाक्य घेतलं.

वाचा शिकवायला येणारी बाई म्हणाली, पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते शाबूत राहू शकतं. कुणाची प्रार्थना राहते, कुणाच्या शिव्या राहतात. आमच्याकडे कूलिज राहिला. दिवसातून एकदा, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, क्रमाने. प्रवेश संपला की तोंड परत वाकडं. पाणी हवं तरी बोट दाखवायचे.

प्रमोदचं काम राजधानीत, वेलिंग्टनला, सरकारी खात्यात, कॉम्प्युटरचं. सोमवारी विमानाने जायचा, शुक्रवारी यायचा. त्यामुळे घरात मी, बाबा, पंधरा वर्षांची श्रिया आणि कूलिज. मी ओटाहुहूच्या ऑफिसला जायचे तेवढा वेळ सुलेखा येऊन बसायची. सुलेखा इथल्या मराठी मंडळातली मैत्रीण, जिवाला जीव देणारी, पण भारी भित्री. ती म्हणायची, "स्वरदा, हे हशासाठी थांबतात ना, तेव्हा मी देवाचं नाव घेते. तो कोपरा काही बरोबर नाही गं."

"कोपऱ्यात हीटर आहे सुलेखा," मी म्हणायचे.

जुलैतला एक रविवार, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. बाहेर तो आडवा पाऊस. मी बाबांना खिचडी भरवत होते आणि त्यांनी पहिला प्रवेश न घेता, दुसरा न घेता, एकदम सुरू केलं, "रसिकहो, मला दोन मुलगे होते. धाकट्याला माझंच नाव."

तो तिसरा होता. मी चमचा खाली ठेवला. "बाबा, हा नको. पहिल्यापासून घ्या."

मी भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. पण वास्तू तथास्तु म्हणते, हे मला आईने दुधाबरोबर पाजलंय. घरात अभद्र बोलू नये. पोर मेल्याचं तर नाहीच नाही, आणि तेही घरात एकुलतं एक पोर असताना! इतके दिवस तिसरा आला की मी रेडिओ लावायचे नाहीतर बाहेर जायचे. पण आता ते तोच धरून बसले. मी थांबवलं की परत पहिल्यापासून. "रसिकहो, मला दोन मुलगे होते." मी बिस्किट पुढे केलं, त्यांनी ते ढकललं. टीव्ही लावला, त्यांनी आवाज चढवला. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर टेनिसचं कोर्ट होतं, इथपर्यंत यायचे, आणि मी म्हणायचे, "बाबा, पुरे!"

सोमवारी तेच, मंगळवारी तेच. आता हशासाठी थांबणं नव्हतं. कोपऱ्याकडे बघणंही नव्हतं. माझ्याकडे बघायचे. कपाळावर घाम.

सुलेखाने निदान करून टाकलं. "त्यांच्या अंगात येतंय. नारळ उतरव आणि समुद्रात सोड." मी तिला झाडलं, आणि गुरुवारी गुपचूप नारळ आणला. बाबांवरून उतरवला, मानुकाऊ हार्बरला जाऊन पाण्यात टाकला. गाडीत श्रिया होती. काच खाली करून म्हणाली, "आई, दॅट्स लिटरिंग." मी म्हटलं, "गप बस." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कायम इंग्रजीत.

शनिवारी श्रियाची नेटबॉलची मॅच होती. तिचे बूट आदल्या दिवशीच्या चिखलात भिजलेले, मोजेही. तिने मैत्रिणीचे बूट घातले आणि तशीच खेळली. जिंकल्या पोरी. घरी आली ती जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटक फटक वाजवत, जरा लंगडत. "काय झालं गं पायाला?" "नथिंग. शूज वर टाइट." इथली पोरं अर्धा वेळ अनवाणीच असतात, डेअरीत अनवाणी, रस्त्यावर अनवाणी. पायाकडे कोण बघतंय!

सोमवारी तिला ताप आला. दवाखान्यात घसा बघितला, कान बघितले. फ्लू सगळीकडेच पसरलाय, पाणी भरपूर प्या म्हणाले. मी हळदीचं दूध दिलं, ऑफिसला रजा टाकली. मंगळवारी ताप वाढला. पोर पांघरुणात मुटकुळं करून पडून, पायात ते मेंढीच्या कातड्याचे उबदार सपाते, काढू म्हटलं तर काढू देईना. थंडी वाजत होती तिला.

आणि खाली बाबा. त्या दिवशी ते थांबेचनात. खोलीचं दार लावलं तरी ऐकू यायचं. "मला दोन मुलगे होते." वर माझी पोर तापाने फणफणतेय आणि खाली हे! माझं डोकंच फिरलं. मी जिना उतरून तरातरा गेले आणि ओरडले, "बाबा, तोंड बंद करा! माझी मुलगी आजारी आहे, कळतंय का तुम्हाला? एकही अक्षर..."

त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर दाबला.

इतका जोर त्या हातात कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. त्यांना साधा पेला धरवत नव्हता. मी मागे सरले तर पाठ भिंतीला. हात थंडगार, ओलसर. त्यांचे डोळे भरून आलेले, आणि आवाज अगदी शांत, व्याख्यानातला.

"व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर टेनिसचं कोर्ट होतं. माझी मुलं तिथे खेळली. धाकट्याने बूट घातले, मोजे घातले नाहीत. पोरंच ती. पायाच्या बोटाला एक फोड आला. एवढासा फोड, रसिकहो. तो कुणाला बोलला नाही, आम्ही कुणी बघितला नाही. मग ताप आला. डॉक्टरांनी पाय उघडून पाहिला, तेव्हा फोडापासून वर लाल रेघ निघाली होती."

हात सुटला. मी जिना कसा चढले ते विचारू नका. पांघरूण ओढलं, श्रिया कण्हली, मी तिचा उजवा सपाता खेचून काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं, टम्म. आणि तिथून एक लाल रेघ पोटरीवरून गुडघ्यापर्यंत गेलेली.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिला थेट आतच नेलं. रक्तात विष भिनायला लागलं होतं. पाय चिरून साफ केला, दोन्ही हातांना नळ्या लावल्या. डॉक्टर तरुण होता, कपाळ पुसत म्हणाला, "उद्या आणलं असतं तर," आणि वाक्य तसंच सोडलं. पुढचे काही तास महत्त्वाचे, एवढंच सांगितलं. वेलिंग्टनला धुकं. प्रमोदचं विमान उडेना. मी कॉरिडॉरमध्ये एकटी बसले आणि डोक्यात हिशोब लागायला लागला. बाबांनी तिसरा धरला तो रविवारी. श्रियाची मॅच त्याच्या पुढच्या शनिवारी. फोड यायच्या आधीपासून ते मला सांगत होते, आणि मी दर वेळी त्यांना टेनिसच्या कोर्टावरच अडवत होते. वास्तूने ऐकू नये म्हणून मीच ऐकलं नाही.

सकाळी प्रमोद पोचला. श्रिया ग्लानीत होती, ताप होता तेवढाच. मी तिच्या केसांवरून हात फिरवला तशी तिने डोळे किलकिले केले.

"आई, आजोबा केम."

"कुठे गं राजा?"

"हिअर. ही हॅड अ रॅबिट. ब्राउन वन. इथे ठेवला, माझ्या पोटावर." चक्क मराठीत बोलली ती. "बोलले नाहीत काही. ही वॉज बेअरफूट, आई. खूप थंडी होती ना?" आणि परत डोळे मिटले.

"तापात आहे ती," प्रमोद म्हणाला. मी हो म्हटलं. बाबांना कूस बदलायला दोन माणसं लागतात.

प्रमोद तिच्यापाशी थांबला आणि मी कपडे आणायला घरी आले. सुलेखा बाबांच्या दाराशी सोफ्यावर बसून होती, डोळे लाल. "काल तू गेल्यापासून गाढ झोपलेत गं. हूं नाही की चूं नाही. मी इथून हलले नाही." तिला मी घरी पाठवलं. मग बाबांच्या खोलीत गेले.

जागे होते. माझीच वाट बघत असावेत. मी खुर्ची ओढून समोर बसले. मला फार भीती वाटत होती, खरं सांगते. हॉस्पिटलमधल्या यंत्रांची वाटली नसेल इतकी त्या शेवटच्या वाक्याची वाटत होती. पण अर्धवट ठेवलेलं ते परत पहिल्यापासून सुरू करणार, आणि मला त्यांना परत अडवायचं नव्हतं.

"करा बाबा," मी म्हटलं. "पुरा करा. मी नाही थांबवणार."

त्यांनी मान हलवली. "रसिकहो, मला दोन मुलगे होते." कोर्ट आलं, बूट आले, फोड आला, लाल रेघ आली. "तेव्हा यावर औषधच नव्हतं," बाबा म्हणाले. "मी अमेरिकेचा अध्यक्ष. माझ्या एका सहीने देश हलायचा. आणि मला पोरासाठी करता येण्याजोगं काहीच उरलं नव्हतं. मग मी बागेत उतरलो. गुडघ्यांवर बसलो. त्याला प्राणी आवडायचे. झुडपातून मी एक ससा पकडला, तपकिरी, आणि हातात धरून त्याच्या बिछान्यापाशी घेऊन गेलो. तो हसला. मी काही बोललो नाही."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. हे श्रियाने ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. मीच कधी ऐकलं नव्हतं.

"आणि मग, रसिकहो," बाबा म्हणाले, "जुलै महिन्यातल्या एका..."

इथे ते थांबले. ही हशाची जागा नव्हती. मी मनात म्हणत होते, नको, नको, पण तोंड मिटून बसले. बाबांचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडले, आणि ते वाकडे व्हायला लागले. प्रवेशाच्या मध्येच! तोंड खाली ओघळलं, लाळ आली, मानेच्या शिरा फुगल्या. इतिहासातली एक तारीख चुकली म्हणून पोरांना वर्गाबाहेर काढणारा माणूस. आयुष्यात त्यांनी त्या प्रयोगातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

"ना..." घशातून आलं. "ना...ही."

कूलिजचा आवाज नव्हता तो. घोगरा, फाटका, थुंकीत भिजलेला. माझ्या सासऱ्यांचा आवाज, आजारपणानंतर पहिल्यांदा.

"नाही. शि...या... नाही!"

आणि मान उशीवर टाकली. त्यानंतर बाबा कधी बोलले नाहीत. कूलिजचंही नाही, स्वतःचंही नाही. असलेलं सगळं त्या एका वाक्यात खर्च केलं त्यांनी.

माझा फोन वाजला. प्रमोद रडत होता, मला वाटलं झालं, संपलं. मग कळलं तो काय म्हणतोय ते. ताप उतरतोय. रेघ फिकी पडायला लागलीय. श्रियाने डोळे उघडून टोस्ट मागितला.

"बाबा, वाचली," मी म्हटलं. "बाबा, ऐकलंत का? वाचली हो आपली पोर!"

त्यांनी डोळे मिटून घेतले. दमले होते. अंगावरून रग सरकला होता, तो नीट करावा म्हणून मी पायथ्याशी गेले. रग उचलला आणि तशीच उभी राहिले.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते. तळव्यांना गवताच्या काड्या चिकटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत काळी माती. पायजम्यावर गुडघ्याच्या जागी दोन हिरवे डाग.

आयुष्यात मी या माणसाशी कधी गोड बोलले नाही. मी कोमट पाणी आणलं, टॉवेल आणला, एकेक काडी काढली, बोटांच्या मधली माती धुतली, पाय कोरडे केले. मग त्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडले. थंड होते ते अजून. चांगले ऊब येईपर्यंत मी ते हातात धरून बसले.